आंग्ल-स्कँडिनेव्हियन दगडी क्रुसांवरील कोरीवकाम

आंग्ल-स्कँडिनेव्हियन दगडी क्रूस म्हणजे इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागात डेन आणि नॉर्वेजियन लोकांनी वसाहती केल्यानंतर, साधारणपणे इ.स. ८७५ ते १०६६ या काळात उभारले गेलेले कोरीव स्मारकक्रूस होत. त्यांतील बहुसंख्य क्रूस दहाव्या शतकातील आहेत. यॉर्कशायर, कंब्रिया, लँकेशायर, डरहम आणि चेशायर या परगण्यांतील चर्चच्या आवारांत, भिंतींत व संग्रहालयांत ते आढळतात. क्रूस हे ख्रिस्ती धर्माचे चिन्ह. परंतु या क्रुसांपैकी काहींवर नॉर्स पुराणकथांतील देव, राक्षसी पशू आणि वीरपुरुष कोरलेले आहेत. वसाहत करणाऱ्या या लोकांनी इंग्लंडमध्ये स्वतःविषयी लिहून ठेवलेले जवळजवळ काहीच नाही. त्यांच्या धर्मांतराची हकिगत सांगणारा मजकूरही फारसा उपलब्ध नाही. त्यामुळे या दगडांवरील नक्षी ही केवळ शोभा न राहता इतिहासाचे एक प्रमुख साधन ठरते आणि तिचा अर्थ कसा लावायचा, हा प्रश्न गेली सुमारे दीडशे वर्षे चर्चेत आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इ.स. ७९३ मध्ये लिंडिसफार्न बेटावरील मठावर व्हायकिंगांनी हल्ला केला, तेव्हा नॉर्थम्ब्रियाच्या राज्यात दगडी क्रूस उभारण्याची परंपरा चांगली मुरलेली होती. आठव्या शतकातील रुथवेल आणि ब्यूकॅसल येथील क्रूस ही तिची सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे होत. द्राक्षवेल, वेलीत बसलेले पक्षी व प्राणी, ख्रिस्ताच्या जीवनातील प्रसंग आणि नेटकी गुंफण ही या पूर्वकालीन, म्हणजे अँग्लियन क्रुसांची लक्षणे. हे काम प्रामुख्याने मठांच्या आश्रयाने होत असे.

इ.स. ८६६ मध्ये डेन सैन्याने यॉर्क जिंकले. दहा वर्षांनी, ८७६ मध्ये, त्यांचा नेता हाफदान याने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या लोकांत वाटून दिली आणि लुटारू म्हणून आलेले लोक शेतकरी झाले, अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या वसाहतकऱ्यांची वाट निराळी होती. आयर्लंड व स्कॉटलंडची बेटे या मार्गाने आलेले नॉर्वेजियन वंशाचे लोक दहाव्या शतकाच्या आरंभी कंब्रिया व लँकेशायरमध्ये स्थिरावले. ९०२ मध्ये डब्लिनमधून त्यांची हकालपट्टी झाली होती, हेही त्यामागील एक कारण. यॉर्कचे स्कँडिनेव्हियन राज्य ९५४ पर्यंत टिकले.

या वसाहतकऱ्यांच्या मायदेशात त्या काळी दगडी क्रूस उभारण्याची चाल नव्हती. म्हणजे स्मारकाचा प्रकार सर्वस्वी इंग्लंडचा. नव्या जमीनदारांनी इथली रीत उचलली आणि तिच्यात आपल्या आवडीची नक्षी घातली. मठ मोडकळीस आल्यामुळे आश्रयदातेही बदलले. आता गावोगावचे भूधारक आपल्या कुळासाठी, आपल्या मृतांसाठी क्रूस करवून घेऊ लागले. पूर्वीच्या मानाने या काळात कोरीव दगड सापडणाऱ्या गावांची संख्या पुष्कळ वाढलेली दिसते, ती याचमुळे. कामाचा दर्जा मात्र सर्वत्र सारखा नाही. काही क्रूस फार देखणे आहेत, तर काही नवशिक्या हाताचे वाटतात.

क्रुसाची घडण व कारागिरी

क्रुसाचे मुख्य भाग दोन: खाली चौकोनी छेदाचा निमुळता खांब आणि वर चार बाहूंचे शिर. या काळात शिराच्या बाहूंना जोडणारे दगडी कडे लोकप्रिय झाले. हे कडे आयर्लंड व पश्चिम स्कॉटलंडमधील क्रुसांवरून आले, असे मानले जाते. खांबाच्या चारही बाजूंवर चौकटी आखून त्यांत नक्षी कोरीत. कंब्रियात काही क्रुसांचा खांब खाली गोल आणि वर चौकोनी आहे.

दगड बहुधा जवळपासच्या खाणीतला, वालुकाश्म जातीचा असे. यॉर्कमध्ये रोमन काळातील पडक्या इमारतींचे घडीव दगड पुन्हा वापरल्याचे दिसते. पाथरवट प्रथम दगडावर आडव्या-उभ्या रेषांची जाळी आखून घेई, छेदबिंदूंवर टोच्याने खुणा करी आणि मग गुंफणीच्या पट्ट्या मोकळ्या करी. अर्धवट राहिलेल्या किंवा कमी झिजलेल्या कामांत या खुणा आजही दिसतात. इंग्रज अभ्यासक रिचर्ड बेली यांनी मोजमापे घेऊन दाखवून दिले की, काही ठिकाणी आकृत्या कापीव नमुन्यावरून उतरविल्या होत्या. एकाच नमुन्यावरून उतरलेली आकृती निरनिराळ्या दगडांवर सापडते. यावरून एका परिसरात फिरून काम करणारे कारागीर किंवा कर्मशाळा ओळखता येतात.

आज हे दगड उघडे, करडे किंवा तांबूस दिसतात. मूळचे रूप तसे नव्हते. काही तुकड्यांच्या खोबणींत पांढऱ्या लेपाचे आणि रंगाचे अवशेष मिळाले आहेत. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या आवारात १८५२ मध्ये सापडलेल्या अकराव्या शतकातील थडग्याच्या दगडावर (हा क्रूस नव्हे, पण याच परंपरेच्या उत्तरकाळातला आहे) रंगाच्या खुणा स्पष्ट होत्या. गुंफणीतील कोणती पट्टी कोणाच्या वरून जाते, पशूचे अंग कोठे संपते आणि बंध कोठे सुरू होतो, हे आज डोळे ताणून पाहावे लागते. रंग शाबूत असताना ते लांबूनही कळत असले पाहिजे.

नक्षीचे प्रकार

या क्रुसांविषयीच्या लोकप्रिय लेखनात देवादिकांच्या चित्रांनाच सारी जागा मिळते. वस्तुस्थिती अशी की, उपलब्ध दगडांपैकी फारच थोड्यांवर पुराणकथांची चित्रे आहेत. बहुतेकांवर आहे ती गुंफण: दोन, तीन, चार पदरांच्या वेण्या, गाठी आणि कड्या. ही गुंफण अँग्लियन परंपरेतूनच आलेली आहे. कंब्रियाच्या किनारी भागात तर जुन्या द्राक्षवेलीचेच रूपांतर होत होत शेवटी नुसती वळणदार वेटोळी उरलेली दिसतात. पाने गेली, द्राक्षे गेली, वळण राहिले.

स्कँडिनेव्हियातून आलेल्या दोन शैली येथे विशेष महत्त्वाच्या आहेत. नॉर्वेतील बोरे या दफनस्थळावरून नाव पडलेल्या बोरे शैलीची खूण म्हणजे कडी-साखळी. एकात एक अडकलेल्या कड्यांची ही उभी साखळी मणक्यांच्या माळेसारखी दिसते. गॉसफर्थ व डिअरहम येथे ती आढळते आणि आइल ऑफ मॅन या बेटावर तर तिचे सर्वांत सफाईदार नमुने आहेत. डिअरहमच्या क्रुसावरील साखळीला जगाचा आधारवृक्ष इग्द्रसिल मानण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकात पडला. कल्पना मोहक आहे, पण साखळीला वृक्ष म्हणण्यास आधार तोकडा आहे.

दुसरी शैली डेन्मार्कमधील येलिंग येथील थडग्यात मिळालेल्या चांदीच्या लहान पेल्यावरून ओळखली जाते. तिच्यातील पशू फितीसारखा लांबट, इंग्रजी एस अक्षराप्रमाणे वळलेला असतो. त्याच्या अंगाला दुहेरी बाह्यरेषा असते, मांडीच्या सांध्यावर वेटोळे असते आणि डोक्यामागून निघालेली शेंडी त्याच्याच अंगाभोवती गुरफटते. यॉर्कशायरच्या पाथरवटांना हा पशू फार आवडला. मात्र मूळ पेल्यावरील नाजूकपणा दगडात उतरला नाही. मिडलटनसारख्या खेड्यातील क्रुसांवर तो जाडजूड, बंधांनी जखडलेला आणि काहीसा केविलवाणा दिसतो. पकडलेला, बांधलेला पशू म्हणजे पराभूत सैतान, असा अर्थ ख्रिस्ती प्रेक्षकाला लावता येत होता. परंतु प्रत्येक बांधलेल्या पशूमागे असा हेतू होताच, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

गॉसफर्थचा क्रूस

कंब्रियातील गॉसफर्थ गावात सेंट मेरी चर्चच्या आवारात उभा असलेला क्रूस हा या साऱ्या परंपरेचा मानबिंदू होय. तांबूस वालुकाश्माचा हा क्रूस सुमारे ४.४ मीटर उंच असून दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानला जातो. उंचीच्या मानाने तो अतिशय सडपातळ आहे. हजार वर्षे वाऱ्यापावसात तो जवळजवळ अखंड उभा आहे, हेच मोठे नवल. त्याच आवारात दुसराही क्रूस होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो तोडून त्याच्या खुंटाचा उपयोग सूर्यघटिकेच्या खांबासाठी करण्यात आला.

खांबाचा खालचा भाग गोल व साधा आहे. त्याच्या वरच्या कडेला कड्यांच्या नक्षीचा पट्टा असून तो खाली अर्धगोलाकार झालरीसारखा उतरतो. त्यावर खांब चौकोनी होतो आणि चारही बाजूंवर चित्रे सुरू होतात. येथे नेहमीच्या चौकटी नाहीत. माणसे, घोडेस्वार, हरिण, लांडग्याच्या तोंडाचे सर्प हे सारे एका खाली एक मोकळेपणाने कोरलेले आहेत. सर्पांची अंगे साखळीची व वेणीची आहेत. त्यामुळे नक्षी कोठे संपते आणि प्राणी कोठे सुरू होतो, ते चटकन कळत नाही.

पूर्व बाजूला ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचे दृश्य आहे. संपूर्ण क्रुसावरील निःसंशय ख्रिस्ती म्हणता येईल असे हे एकमेव दृश्य. ख्रिस्त दोरखंडी काठाच्या चौकटीत हात पसरून उभा आहे. मागे प्रत्यक्ष क्रूस कोरलेला नाही. त्याच्या खाली दोन आकृत्या आहेत. एक पुरुष भाला रोखून उभा आहे. हा ख्रिस्ताच्या कुशीत भाला खुपसणारा रोमन शिपाई लाँगिनस. त्याच्यासमोर एक स्त्री असून तिचा पायघोळ झगा मागे लोळतो आणि केसांची गाठ मारलेली वेणी पाठीवर आहे. तिच्या हातात पात्र आहे. बायबलच्या कथेप्रमाणे पाहिले तर ही सुगंधी तेल आणणारी मरिया मग्दालिया असावी. मात्र वेष, वेणी आणि हातातले पात्र या तिन्ही गोष्टी स्कँडिनेव्हियन कलेतील वीरांचे स्वागत करणाऱ्या स्त्रियांच्या आहेत. पाथरवटाला स्त्री काढायची म्हणजे कशी काढायची, हे ज्या परंपरेतून ठाऊक होते, त्या परंपरेतून ती आली.

याच बाजूला, क्रूसारोहणाच्या वर, एक पुरुष एका राक्षसी पशूच्या जबड्यासमोर उभा आहे. त्याचा एक हात वरच्या जबड्यापाशी, तर पाय खालच्या जबड्यात आहे. नॉर्स पुराणकथेनुसार जगाच्या अंतकाळी, म्हणजे रॅग्नारोकच्या वेळी, फेनरिर नावाचा लांडगा ओदिन या श्रेष्ठ देवाला गिळतो आणि ओदिनचा पुत्र विदार लांडग्याचा जबडा फाडून सूड घेतो. ही कथा आइसलँडच्या स्नोरी स्तुर्लुसोन याने तेराव्या शतकात लिहिलेल्या एद्दा या ग्रंथात अशीच आली आहे: जाड जोडा घातलेला पाय खालच्या जबड्यावर, हात वरच्या जबड्याला. ‘व्होलुस्पा’ या जुन्या काव्यात मात्र विदार लांडग्याच्या हृदयात तलवार खुपसतो. स्नोरीने जबडा फाडण्याचा तपशील पदरचा घातला असेल, अशी शंका कोणी घेतली असती तर तिला गॉसफर्थच्या दगडाने उत्तर दिले असते. कारण हा दगड स्नोरीपेक्षा सुमारे तीनशे वर्षांनी जुना आहे. नॉर्स कथांची हस्तलिखिते ख्रिस्ती काळातील असल्याने त्यांच्या प्राचीनतेविषयी नेहमी वाद होतो. अशा वेळी या कोरीवकामाचे मोल लक्षात येते.

पश्चिम बाजूच्या तळाशी हातपाय बांधलेला एक पुरुष आहे आणि त्याच्याजवळ वाकून बसलेली, हातात वाडगे धरलेली स्त्री. हा कपटी लोकी आणि त्याची पत्नी सिगिन. देवांनी लोकीला जखडून त्याच्या तोंडावर विष ठिबकणारा सर्प टांगला. सिगिन ते विष वाडग्यात झेलते आणि वाडगे भरल्यावर ओतायला जाते, तेवढ्या वेळात विषाचे थेंब पडून लोकी तडफडतो, अशी कथा आहे. या दृश्याच्या ओळखीबद्दल अभ्यासकांत जवळपास एकमत आहे. त्याच बाजूला वर, हातात दंड व शिंग घेतलेला एक पुरुष दोन आ वासलेल्या पशूंना सामोरा उभा आहे. तो देवांचा पहारेकरी हाइमदाल असावा, कारण अंतकाळी शिंग फुंकून देवांना जागे करणे हे त्याचे काम. उत्तर व दक्षिण बाजूंवरील घोडेस्वारांची नावे सांगण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण ते समाधानकारक नाहीत.

गॉसफर्थच्या चर्चमध्ये आणखी एक कोरीव दगड आहे. तो ‘मासेमारीचा दगड’ म्हणून ओळखला जातो. त्यात होडीतील दोन व्यक्तींपैकी एक गळाला बैलाचे मुंडके लावून समुद्रात टाकते. हा थोर देव आणि हिमिर हा राक्षस, आणि गळाला लागणार आहे तो पृथ्वीला वेढणारा महासर्प. वरच्या भागात सर्पाशी झुंजणारा एक चतुष्पाद प्राणी आहे. ख्रिस्ती प्रतीकांत हरिण सर्पाला मारतो, त्यामुळे वर ख्रिस्ती आणि खाली नॉर्स असा जोड येथेही जुळविलेला असावा.

सिगुर्द आणि वेलंड

देवांपेक्षा वीरांच्या कथा अधिक ठिकाणी आढळतात. त्यांत सिगुर्दची कथा अग्रभागी आहे. रेगिन हा लोहार सिगुर्दला तलवार घडवून देतो; सिगुर्द त्या तलवारीने फाफनिर या नागराक्षसाला मारतो. रेगिनच्या सांगण्यावरून तो फाफनिरचे काळीज भाजत असता बोट भाजते, ते तो तोंडात घालतो आणि रक्त जिभेला लागताच त्याला पक्ष्यांची भाषा कळू लागते. रेगिन आपला घात करणार, हे पक्ष्यांकडून समजल्यावर तो रेगिनचा शिरच्छेद करतो. लँकेशायरमधील हॅल्टनच्या क्रुसावर भाता, हातोडा व तलवार यांसह काम करणारा लोहार, अंगठा चोखणारा सिगुर्द आणि झाडावरचे पक्षी असे क्रमवार कोरलेले आहेत. अंगठा तोंडात घातलेला माणूस दिसला की तो सिगुर्द, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नसे. रिपन आणि कर्बी हिल येथेही या कथेचे तुकडे मिळाले आहेत.

पूर्व यॉर्कशायरमधील ननबर्नहोमच्या क्रुसावर ही कथा फार विलक्षण जागी आली आहे. या खांबावर एकाहून अधिक पाथरवटांचे हात ओळखू येतात. तेथे ख्रिस्ती उपासनेशी निगडित आकृतीच्या खालच्या भागावर नंतरच्या पाथरवटाने सिगुर्द व रेगिन यांच्या आकृत्या कोरल्या आहेत. प्रभुभोजनात ख्रिस्ताचे शरीर ग्रहण करून भक्ताला कृपा मिळते, तर नागराक्षसाच्या काळजाचे रक्त चाखून सिगुर्दला ज्ञान मिळते. या साम्यामुळेच ही जागा निवडली असावी, असे जेम्स लँग यांनी सुचविले. लँग यांनी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. हा खांब दोन तुकड्यांत मिळाला होता आणि एकोणिसाव्या शतकात ते जोडताना एका तुकड्याची बाजू चुकली. त्यामुळे ज्या आकृत्या एकमेकींच्या वर-खाली असायला हव्या होत्या, त्या भलत्याच आकृत्यांशी जोडल्या गेल्या. दगड वाचताना प्रथम तो नीट उभा आहे की नाही, हे पाहावे लागते ते असे.

वेलंड लोहाराची कथाही क्रुसांवर येते. राजाने पायाच्या शिरा तोडून कैदेत ठेवलेला हा कुशल कारागीर सूड घेऊन स्वतः बनविलेल्या पंखांनी उडून जातो. लीड्स येथील क्रुसाच्या खांबावर पंख बांधलेला वेलंड आणि त्याने वर उचलून धरलेली स्त्री दिसते. खाली भाता, हातोडा अशी हत्यारे पसरली आहेत. खांबाच्या उरलेल्या भागावर ख्रिस्ती आकृत्या आहेत. हा क्रूस १८३८ मध्ये लीड्सचे जुने चर्च पाडताना तुकड्यांच्या स्वरूपात सापडला. वास्तुविशारद रॉबर्ट डेनिस चँट्रेल यांनी तो स्वतःकडे नेला. त्यांच्या मृत्यूनंतर तो लीड्सला परत आणण्यात आला. वेलंड मात्र व्हायकिंगांबरोबर इंग्लंडात आलेला नाही. ब्रिटिश म्युझियममधील फ्रँक्स पेटी या आठव्या शतकातील देवमाशाच्या हाडाच्या पेटीवर, एकाच फळीवर वेलंडची कथा आणि बाळ येशूच्या दर्शनाला आलेले ज्ञानी पुरुष शेजारी शेजारी कोरलेले आहेत. जुनी कथा आणि नवा धर्म यांची सांगड घालण्याची रीत उत्तर इंग्लंडात व्हायकिंगांच्या आधीपासून होती, हे या पेटीवरून दिसते. आंग्ल-स्कँडिनेव्हियन क्रुसांकडे पाहताना ही गोष्ट वारंवार विसरली जाते.

योद्ध्यांच्या आकृत्या

काही क्रुसांवर ना देव आहे ना संत. आहे तो शस्त्रधारी पुरुष. मिडलटन येथील सेंट अँड्र्यू चर्चमधील क्रूस याचे ठळक उदाहरण. टोकदार शिरस्त्राण घातलेला पुरुष समोर पाहतो आहे. त्याच्या कमरेला लांब सुरा, भोवती भाला, ढाल, तलवार आणि कुऱ्हाड. मागच्या बाजूला येलिंग शैलीचा बांधलेला पशू आहे. एके काळी ही आकृती म्हणजे शस्त्रांसह थडग्यात निजविलेला मूर्तिपूजक व्हायकिंग असा समज होता आणि पाठ्यपुस्तकांतही तो शिरला होता. पुढे त्याच्या खांद्यांवरील दोन उंचवट्यांकडे लक्ष गेले. ते आसनाच्या पाठीचे खांब असावेत, असे ठरल्यावर सारा अर्थच पालटला. मेलेला माणूस आसनावर बसलेला जिवंत सरदार झाला. आपल्या क्रुसावर आपलीच सत्ता मिरविणारा हा जमीनदार ख्रिस्ती असण्यास कोणतीच अडचण नाही.

आइल ऑफ मॅन

आयरिश समुद्रातील या बेटावरील क्रूस इंग्लंडातील क्रुसांचे जवळचे आप्त आहेत, जरी ते खांबांऐवजी पाटीच्या दगडाच्या उभ्या फळ्यांवर कोरलेले असले तरी. त्यांचे वैशिष्ट्य म्हणजे रून लिपीतील लेख. इंग्लंडातील क्रूस बहुधा मुके आहेत. येथे मात्र कोणी कोणासाठी क्रूस उभारला, ते वाचता येते. कर्क मायकल येथील एका क्रुसावर मेल ब्रिग्दी या केल्टिक नावाच्या माणसाचा उल्लेख आहे आणि तो क्रूस व मॅनमधील सगळे क्रूस गाउत याने केले, असा दावा आहे. पाथरवटाची ही फुशारकी अभ्यासकांना उपयोगी पडली, कारण तिच्यामुळे बोरे शैलीच्या एका कारागिराचे नाव मिळाले. कर्क अँड्रियस येथील थोरवाल्डच्या क्रुसावर एका बाजूस खांद्यावर पक्षी असलेला ओदिन लांडग्याच्या तोंडी सापडला आहे, तर दुसऱ्या बाजूस हातात क्रूस व ग्रंथ घेतलेला पुरुष सर्पाला तुडवतो आहे.

अर्थाविषयीचे मतभेद

क्रुसावर लोकी कशासाठी, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकात सरळ उत्तर दिले जाई: अर्धवट धर्मांतरित लोकांनी दोन्ही दैवतांना सांभाळून घेतले. हे मत आता मागे पडले आहे. क्रूस उभारणे हीच ख्रिस्ती कृती आहे आणि गॉसफर्थसारख्या क्रुसावरील दृश्यांची निवड पाहता ती अजाणता झालेली वाटत नाही. जबडा फाडणारा विदार आणि मृत्यूवर जय मिळविणारा ख्रिस्त एकाच बाजूला आहेत. जखडलेला लोकी आणि बायबलमधील जखडलेला सैतान, हाइमदालचे शिंग आणि अंतिम न्यायाच्या दिवशीचा कर्णा, रॅग्नारोक आणि जगाचा अंत, या जोड्या सहज जुळतात. रिचर्ड बेली यांनी यावरूनच असे मांडले की, जुन्या जगाचा अंत आणि नव्या प्रभूचा विजय हा एकच विषय कोरणाऱ्याने दोन भाषांत सांगितला आहे.

हे वाचन पटण्याजोगे आहे, तरी त्याचा सरसकट वापर करणे योग्य नव्हे. सिगुर्दच्या कथेला ख्रिस्ती अर्थ देता येतो, तसाच वंशाच्या अभिमानाचाही देता येतो. यॉर्कच्या राजघराण्याशी तिचा संबंध असावा, असेही सुचविले गेले आहे. कर्बी स्टीफन येथील चर्चमध्ये एक शिंगे असलेली, बेड्या ठोकलेली आकृती आहे. लोक तिला ‘लोकीचा दगड’ म्हणतात. प्रत्यक्षात तेथे सिगिन नाही, वाडगे नाही, सर्प नाही. ही आकृती बांधलेला सैतान म्हणूनच अधिक चांगली समजते. नॉर्स नाव दिले की दगडाला गिऱ्हाईक मिळते, हा मोह आजच्या पर्यटनात आहे तसाच तो पूर्वीच्या पंडितांतही होता.

कालनिर्णयाची अडचण वेगळीच. क्रुसांवर साल नाही आणि बहुतेक दगड मूळ जागेवरून हललेले आहेत. त्यामुळे काळ ठरतो तो शैलीवरून, आणि शैलीचा काळ ठरतो स्कँडिनेव्हियातील धातूच्या व लाकडाच्या वस्तूंवरून. एखादी शैली समुद्र ओलांडून खेड्यातील पाथरवटापर्यंत पोहोचायला किती वर्षे लागली असतील, हे गणित पक्के नसते. म्हणून ‘दहाव्या शतकाचा पूर्वार्ध’ यासारख्या मोघम उल्लेखांवर समाधान मानावे लागते.

अभ्यास व जतन

गॉसफर्थच्या चित्रांची ओळख १८८०च्या दशकात पटली. विल्यम स्लेटर कॅल्व्हर्ली हे पाद्री आणि चार्ल्स अरुंडेल पार्कर हे स्थानिक अभ्यासक यांचे श्रेय त्यात मोठे आहे. कॅल्व्हर्ली यांनी अस्पॅट्रिया येथील चर्चच्या आवारात क्रुसाची पूर्णाकृती दगडी प्रतिकृतीही उभी करविली. याच सुमारास घेतलेला प्लास्टरचा ठसा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. पुढे चित्रकार व पुराविद विल्यम गर्शम कॉलिंगवुड यांनी गावोगाव हिंडून शेकडो तुकड्यांची रेखाटने केली. १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा नॉर्थम्ब्रियन क्रुसांवरील ग्रंथ अजूनही चाळला जातो. आइल ऑफ मॅनसाठी हेच काम पी. एम. सी. कर्मोड यांनी १९०७ च्या ग्रंथात केले. डरहम विद्यापीठातील रोझमेरी क्रँप यांच्या पुढाकाराने अँग्लो-सॅक्सन दगडी शिल्पांचा बृहत्कोश सुरू झाला आणि त्याचा पहिला खंड १९८४ मध्ये निघाला. परगण्यागणिक प्रत्येक तुकड्याचे माप, दगडाची जात, छायाचित्र आणि आधीची मते त्यात नोंदविलेली असून जुने खंड महाजालावर विनामूल्य पाहता येतात.

नॉर्मन विजयानंतर, विशेषतः बाराव्या शतकापासून चर्चची पुनर्बांधणी होऊ लागली, तेव्हा अनेक क्रूस फोडून त्यांचे दगड भिंतीत, उंबऱ्यात, कोपऱ्यांत बसविले गेले. ही नासधूसच पुष्कळदा रक्षण ठरली. भिंतीत गाडलेल्या बाजूंवर टाकीचे घावसुद्धा ताजे राहिले आणि उघड्यावर असलेल्या बाजू झिजत गेल्या. मिडलटनचे क्रूस मनोऱ्याच्या भिंतीतून काढलेले आहेत, ननबर्नहोमचे तुकडेही दुरुस्तीच्या वेळी बांधकामातून मिळाले. गॉसफर्थचा क्रूस आजही आवारात उघड्यावर उभा आहे. वालुकाश्मावर पावसाचा व शेवाळाचा परिणाम होतच असल्याने त्यावरील बारीक तपशील पाहण्यासाठी अभ्यासकांना एकोणिसाव्या शतकातील ठशाकडे आणि रेखाटनांकडे वळावे लागते. जुन्या चर्चच्या भिंती दुरुस्त करताना नवे तुकडे अधूनमधून अजूनही निघतात.